केसपेपरचे पैसे आणि न आलेला पेशंट

आफ्रिकार :

गणेशचवथीला आमच्या फोंड्याच्या घरी, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली बसून एक वाद झाला, तो इथे घेऊन आलो आहे. भाचा पुण्यात अर्थशास्त्र शिकतो. त्याचे म्हणणे, "मामा, फुकट दिलं की लोकांना किंमत राहत नाही. सरकारी दवाखान्यात दहा-वीस रुपये तरी घ्यावेत. सर्दी-पडशाची गर्दी कमी होते आणि दवाखान्याच्या हाती दोन पैसे पडतात." मी म्हटले, बाबा रे, हे मी १९९८ साली कंपालात ऐकले आहे, जवळजवळ याच शब्दांत. तेवढ्यात आरती सुरू झाली आणि माझे पुढचे बोलणे राहून गेले.

मी १९९८ ते २००६ युगांडात औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे हिशेब सांभाळत होतो. (आफ्रिकेत नोकरी करून आलेल्याला गोव्यात आफ्रिकार म्हणतात, म्हणून हे नाव. १९७२ साली इदी अमीनने आशियाई लोकांना हाकलले, तेव्हा परतलेले एक काका घरात होतेच. तरीही मी गेलो.) तिथल्या सरकारी दवाखान्यांत तेव्हा फी होती. ती कुणाच्या दुष्टपणातून आलेली नव्हती. ऐंशीच्या दशकात आफ्रिकेतली बरीच सरकारे कर्जात बुडाली होती आणि दवाखान्यांत चार भिंती सोडून काही उरले नव्हते. १९८७ साली जागतिक बँकेने सल्ला दिला की रुग्णांकडून शुल्क घ्या. त्याच वर्षी मालीतल्या बामाकोला आफ्रिकेचे आरोग्यमंत्री जमले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ पाठीशी होते. ठरले असे की गावाने औषधासाठी थोडे पैसे द्यायचे, त्या पैशातून पुन्हा औषध आणायचे. कपाट रिकामे राहण्यापेक्षा हे बरे, असे कुणालाही वाटले असते.

गरिबांना माफी होतीच, कागदावर. कामानिमित्त मी आडबाजूच्या एका दवाखान्याची वही पाहिली होती. एका रकान्यात पैसे भरलेले, दुसऱ्यात माफी. माफीची नावे वाचून दाखवताना तिथला कारकून स्वतःच हसायला लागला. हा आमच्या ड्रायव्हरचा भाऊ, ही नर्सची जाऊ, हा चौकीदार.

मग २००१चा मार्च आला. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर होती आणि राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींनी सरकारी दवाखान्यांतली फी बंद करून टाकली. मोठ्या रुग्णालयांतले पैसे देऊन घ्यायचे खाजगी वॉर्ड तेवढे राहिले. आम्हाला दुकानात ही बातमी रेडिओवरून कळली. दवाखान्यांना तरी त्याआधी किती दिवस कळली असेल, देव जाणे. पुढच्या वर्षा-दोन वर्षांत सरकारी दवाखान्यांतली गर्दी भराभर वाढली, आणि सर्वांत जास्त वाढली ती सर्वांत गरीब घरांतून.

माझा प्रश्न एवढाच आहे. ही माणसे फेब्रुवारीत कुठे होती? आजारी तर तेव्हाही पडत असणार. पण ती ना पैसे भरलेल्यांच्या रकान्यात होती, ना माफीच्या. दवाखान्याची वही जो आला त्याचीच असते. फीमुळे गर्दी कमी होते हे भाच्याचे म्हणणे अगदी बरोबर आहे. कोण कमी झाला, ते तेवढे वहीतून कळत नाही.

आपल्याकडचे अनुभव सांगा.

—

कुळागर :

वाचतेय. आफ्रिकेतला गोंयकार म्हटलं की मला नैरोबीतले डॉ. रोझेंडो रिबेरोच आठवतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी झेब्र्यावर बसून पेशंट बघायला जात. फोटो आहे, थाप नव्हे. त्यांची फी किती होती कोण जाणे.

—

हिशेबनीस :

आफ्रिकारबाब, लेख चांगला आहे, पण फीची बाजू तुम्ही जरा लवकर गुंडाळलीत. मी आयुष्य सरकारी लेखापरीक्षणात घालवलंय, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

इंदूरचं महाराजा यशवंतराव रुग्णालय. १९९४मध्ये सुरतेला प्लेग झाला, तेव्हा सगळ्यांना उंदीर आठवले, आणि त्या रुग्णालयात ते शब्दशः हजारोंनी होते. इमारत रिकामी केली, उंदीर मारले, घाण काढली, लोकांकडून देणग्या घेतल्या. पुन्हा घाण होऊ नये म्हणून रोगी कल्याण समिती नेमली. ज्याला परवडतं त्याच्याकडून माफक शुल्क घ्यायचं आणि ते पैसे सरकारी तिजोरीत न भरता तिथंच खर्च करायचे. पुढे ही पद्धत देशभर गेली.

यातली 'तिथंच खर्च करायचे' ही गोष्ट बाहेरच्याला कळत नाही. सरकारी रुग्णालयात ऑपरेशन थिएटरचा दिवा गेला की फाईल निघते. बांधकाम खातं, अंदाजपत्रक, मंजुरी, मार्च एंड. समितीच्या खात्यात पाच हजार रुपये असले तर दिवा संध्याकाळी लागतो. फुकट झालं की ते पाच हजार जातात, दिव्याची फाईल मात्र तशीच राहते.

फुकट म्हणजे दुसऱ्या कुणीतरी भरलेलं. तो दुसरा वेळेवर भरणार आहे का, हे आधी विचारा.

—

तिसवाडीकर :

हिशेबनीस +१. आणि युगांडाशी आपली तुलना कशाला? दरडोई उत्पन्नात गोवा देशात वरच्या एक-दोन राज्यांत असतो. गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) आहे, म्हापशाचं आझिलो आहे, मडगावचं हॉस्पिसियो आहे, सगळी सरकारी रुग्णालयं. गोंयकाराला पैसे पडतातच कुठे?

—

आफ्रिकार :

हिशेबनीसबाब, दिव्याचा मुद्दा मान्य. तो मी विसरलो नव्हतो, पण तुमच्याइतका नीट मला मांडता आला नसता.

आकडा मात्र बघा. आफ्रिकेतल्या बहुतेक देशांत या फीतून आरोग्याच्या चालू खर्चाच्या सरासरी ५ टक्क्यांच्या आसपासच रक्कम जमत होती. त्यातून पावतीपुस्तक, खिडकीवरचा माणूस आणि पेटीची किल्ली यांचा खर्च वजा करा. एवढ्याशा रकमेसाठी दारात माणूस बसवायचा का?

'फुकटची किंमत राहत नाही' याचाही पडताळा झालेला आहे. पश्चिम केनियात गरोदर बायकांना दवाखान्यातून मच्छरदाण्या दिल्या, काही ठिकाणी फुकट, काही ठिकाणी थोड्या पैशांत. किंमत शून्यावरून साठ सेंटवर गेली तशी घेणाऱ्यांची टक्केवारी साठ अंकांनी घसरली. मग घरी जाऊन पाहिले, कोण खाटेवर लावते आणि कोण मासे धरायला वापरते. फुकट मिळालेल्या बायका पैसे दिलेल्यांइतक्याच लावत होत्या. केनियातच शाळेतल्या मुलांना जंताच्या गोळ्या देताना थोडी फी लावून पाहिली, तर गोळ्या घेणारे जवळजवळ ८० टक्क्यांनी कमी झाले. जंत होते तिथेच राहिले.

—

दोडामार्गी :

तिसवाडीकर, "गोंयकाराला पैसे पडतातच कुठे" हे वाक्य मी तीनदा वाचलं. आम्ही नदीच्या पलीकडचे, महाराष्ट्रातले. बांबोळीचं गोमेकॉ आमच्या तालुक्याला जितकं जवळ, तितकं आमचं स्वतःचं कुठलंच मोठं रुग्णालय जवळ नाही. साप चावला, हार्ट अटॅक आला, गाडीवरून पडला, की गाडी गोव्याकडेच वळते. आजोबाच्या काळापासून वळते.

जानेवारी २०१८पासून गोमेकॉत परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागू झालं. निर्णय गोवा सरकारचा, त्यामागचं कारणही त्यांनी सांगितलं होतं, त्यावर मी आता भांडत नाही. दोडामार्गात आंदोलन झालं, पुढे महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून वाट काढायचं ठरलं. हे सगळं पेपरात आलेलं आहे. आफ्रिकारांनी विचारलेला प्रश्न मात्र त्या वेळी कुणीच विचारला नाही. खिडकीवर किती जमा झाले, ते सांगता येतं. दोडामार्गाहून निघालेच नाहीत ते किती?

माझ्या आत्याची गोष्ट त्याच्याही आधीची, दुसऱ्याच जिल्ह्यातली. जवळच्या सरकारी दवाखान्यात केसपेपर महागला अशी बाजारात आवई उठली. आत्याला साखर. दर महिन्याला गोळ्या आणायला जायची, ती थांबली. तीन महिन्यांनी पायाची जखम भरेना, तेव्हा चुलतभावाने जबरदस्तीने नेली. केसपेपर पाच रुपयांनी वाढला होता. पाच! मी चिडलो तिच्यावर. ती म्हणाली, "अरे, पाच आहेत हे तिथं गेल्यावर कळलं. घरी बसून पाच की पाचशे, मला काय ठाऊक? आणि खिडकीवर जाऊन परत फिरायचं म्हणजे चारचौघांत शोभा."

पाच रुपये तिच्याकडे होते हो.

—

कुळागर :

शेवटचं वाक्य.

—

तिसवाडीकर :

दोडामार्गी, आत्याचं वाचून वाईट वाटलं. पण आमच्या करातून चालणाऱ्या रुग्णालयावर तीन जिल्ह्यांचा भार पडतो, हेही खोटं नाही. महाराष्ट्राने सिंधुदुर्गात स्वतःचं नीट का उभारलं नाही, हे आम्हाला का विचारता?

—

दोडामार्गी :

त्यांनाही विचारतो. १५ ऑगस्ट २०२३पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं फुकट झालं. छानच. पण आमच्या तालुक्यात फुकट मिळायला आधी डॉक्टर हवा ना. तुमच्याकडे डॉक्टर आहे आणि खिडकी आहे, आमच्याकडे खिडकी गेली आणि डॉक्टरची जागा रिकामी.

—

उदक :

वाद रंगलाय, पण मला दोन्ही बाजूंना थोडं थोडं टोचायचं आहे. माझं काम आकड्यांचंच आहे.

आधी हिशेबनीस आणि भाच्यासाठी. फीमुळे फालतू गर्दी जाते आणि गरजेची राहते, हा समज जुना आहे. अमेरिकेत सत्तरच्या दशकात रँड या संस्थेने हजारो लोकांवर मोठा प्रयोग केला. काहींना उपचार फुकट, काहींना खर्चाचा वाटा उचलायचा. वाटा उचलणारे दवाखान्यात कमी गेले, हे खरं. पण त्यांनी गरजेचे उपचारही बिनगरजेच्या उपचारांइतकेच कमी केले. छातीत दुखतंय ते पित्त की हृदय, हे पेशंटला खिशाकडे बघून कळत नाही.

आता आफ्रिकारांसाठी. घानात काही घरांतल्या लहान मुलांना उपचार फुकट केले आणि बाकीच्यांशी तुलना केली. दवाखान्यात जाणं वाढलं, पण मुलांच्या रक्तक्षयात फरक पडला नाही. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. आणि युगांडाचंच घ्या. फी गेली, गर्दी वाढली, तरी गरीब घरांत आजारपणाच्या खर्चाने कंबरडं मोडण्याचं प्रमाण कमी झालं नाही. आफ्रिकार तेव्हा औषधाच्या धंद्यात होते. ते का झालं, त्यांना ठाऊक असणार.

—

आफ्रिकार :

ठाऊक आहे. पहिल्या पोस्टमध्ये लिहायचे टाळले, कारण त्यातला थोडा नफा आमच्या दुकानाचा होता.

फी गेली आणि गर्दी आली, पण औषध आधीच्याच हिशेबाने येत राहिले. मलेरियाच्या गोळ्या, अँटिबायोटिक, सलाईन, महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातच संपायचे. डॉक्टर चिठ्ठी लिहून द्यायचा, बाहेरून आणा. बाहेर म्हणजे दवाखान्यासमोरच्या रांगेतली दुकाने. मार्चनंतर ती रांग लांब होत गेली. त्यांतली दोन-तीन आमच्याकडून माल उचलायची आणि आमचा मालक खूश असायचा. जी बाई पूर्वी खिडकीवर पैसे द्यायची ती आता रस्ता ओलांडून द्यायची. तरी एक फरक होता, तो मी अजूनही धरून आहे. ती आत जाऊन तपासून आलेली असायची. काय झाले आहे ते तिला कळलेले असायचे.

आणि नर्स. फीच्या पैशातून त्यांना थोडा वरखर्च मिळायचा, तो बंद झाला आणि काम दुप्पट. लोकांवर ओरडायच्या. मी त्यांना तेव्हा शिव्या दिल्या आहेत. आता नाही देणार.

—

उदक :

म्हणूनच सिएरा लिओनचं उदाहरण शिकण्यासारखं आहे. २००९च्या शेवटी जाहीर केलं, २७ एप्रिल २०१०ला सुरू केलं. फुकट कुणाला? गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, पाच वर्षांखालचं मूल. मधल्या महिन्यांत काय केलं, ते बघण्यासारखं आहे. औषधांची आगाऊ मागणी नोंदवली. आरोग्य कर्मचारी संपावर गेले, तेव्हा त्यांचे पगार भरपूर वाढवले. आणि पगारपट तपासून, कधी कामावर न येणारी नावं खोडली. हिशेबनीस, हे तुमच्या आवडीचं. पैसा परदेशी मदतीचा होता, औषध चोरीलाही गेलं, सगळं गोड नव्हतं. पण खिडकी बंद करण्याआधी मागचं कपाट भरायचं, एवढं त्यांना सुचलं.

बुरुंडीत २००६ साली उलट झालं. राष्ट्राध्यक्षांनी १ मे रोजी भाषणात बाळंतपण आणि लहान मुलांचे उपचार फुकट असल्याचं सांगितलं आणि लगोलग रुग्णालयं भरली. तयारी शून्य. पण त्या देशात तोवर बिल न भरलेल्या बाळंतिणीला रुग्णालयातच अडकवून ठेवत असत. त्या बाईला "थांब, आधी तयारी करू" कुठल्या तोंडाने सांगणार?

—

हिशेबनीस :

पगारपटाचं वाचून बरं वाटलं. मी माझं म्हणणं थोडं बदलतो. दारातली फी नको, ठीक आहे, पण पैसा आधी आणि नियमित यायला हवा. आपली गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा विमा योजना त्याच जातीची ना? २०१६पासून. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २०० रुपये, त्याहून मोठ्याला ३००. बदल्यात अडीच लाख किंवा चार लाखांचं संरक्षण. आजारी पडल्यावर खिडकीवर घासाघीस नाही, धडधाकट असताना एकदा भरायचं. थायलंडने २००१ साली वेगळी वाट धरली. वर्गणी नाही, दर भेटीला फक्त ३० बाट, बाकी सरकार भरणार. २००६ साली तेही काढून टाकलं. रुग्णालयं काही कोसळली नाहीत, कारण त्यांना पैसा माणशी ठरलेल्या रकमेने सरकारकडून येत होता. ३० बाटांवर ती कधी उभीच नव्हती.

—

सिस्टरमावशी :

मी इतके दिवस नुसतं वाचत होते. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात उपकेंद्रात आणि नंतर प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळून तीस वर्षं नोकरी केली. तुम्हा सगळ्यांसारखं मला लिहिता येत नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

दीनदयाळचं कार्ड चांगलंच आहे, पण ते मुख्यतः दाखल झाल्यावर कामाला येतं. रोजच्या प्रेशरच्या गोळीला नाही. घर बुडतं ते कधीकधी गोळीनेच, हळूहळू.

फीचं म्हणाल तर आमच्याकडे उपकेंद्रात कधी पैसे घेतले नाहीत. मलेरियाची स्लाईड फुकट, लस फुकट, लोहाच्या गोळ्या फुकट. २०११पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण फुकट झालं. सिझेरियन, रक्त, औषध, आईचं जेवण, जाण्यायेण्याची गाडी, सगळं. तरी यायच्या नाहीत. का? काजूच्या दिवसांत मजुरी बुडते. सकाळची बस चुकली की पुढची दुपारी. घरात म्हातारी सासू आणि गुरं. नवऱ्याला विचारल्याशिवाय नाही. वरच्या वाड्यावरून रस्त्यापर्यंत यायलाच तास लागतो. तेव्हा फुकट केलं की सगळे येतील, असं नाही. पण पैसे लावले की यातली जी कशीबशी निघाली असती तीही उंबऱ्यात थांबते. दोडामार्गींच्या आत्यासारखी.

ती युगांडाची नर्स ओरडायची म्हणता, मी पण ओरडले आहे. एकटी असायचे आणि ओपीडीच्या दिवशी शंभरावर माणसं. फुकट करताना आम्हाला कुणी विचारत नाही.

—

कुळागर :

मावशी, तुम्ही लिहीत राहा हो. चुकलं कुठेच नाही.

—

भाचा_पुणे :

मामा, मीच तो. आईने लिंक पाठवली. माझं सगळ्यांसमोर हसं केल्याबद्दल आभार!

मच्छरदाणीचा अभ्यास मला वर्गात शिकवला होता आणि मी तो परीक्षेपुरता वाचला होता, हे कबूल करतो. हिशेबनीसकाकांचा दिव्याचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही. तो सोडवायला फीच लागते असं नाही, रुग्णालयाला दर महिन्याला थोडी सुटी रक्कम हातखर्चाला दिली तरी जमेल. पण ती कुठल्याच फुकट योजनेच्या जाहिरातीत नसते.

एक प्रश्न खरंच पडलाय. न आलेल्यांची नोंद वहीत नसते, असं मामा म्हणतो. मग ती कशी करायची? पाहणी करणारे दर काही वर्षांनी घरोघर जातात, पण तोवर आत्याचा पाय गेलेला असतो.

—

सिस्टरमावशी :

बाळा, आमच्याकडे घरभेटीची वही असायची. गरोदर बाई तपासणीला आली नाही, की आम्ही तिच्या घरी जायचो. मूल लसीला आलं नाही तरी तसंच. तारीख, घर, नाव, आणि शेवटचा रकाना 'न येण्याचे कारण'. दोन इंचांचा.

पहिली काही वर्षं मी खरं लिहायचे. 'बसला पैसे नाहीत.' 'नवऱ्याची मजुरी मिळाली नाही.' 'मागच्या वेळी बाहेरून औषध आणायला सांगितले, म्हणून घाबरते.' महिन्याच्या मीटिंगला साहेब विचारायचे, यावर आम्ही काय करायचं? वरच्या तक्त्यात असलं कारण बसत नाही. तक्त्यात तीनच होती. स्थलांतर, नकार, घर बंद.

मग मीही 'घर बंद' लिहायला लागले.

—

हिशेबनीस :

मावशी, त्या जुन्या वह्या कुठे आहेत? खरं कारण लिहिलेल्या?

—

सिस्टरमावशी :

उपकेंद्राचं छप्पर बदललं तेव्हा बाहेर काढून ठेवल्या होत्या. त्या वर्षी पाऊस लवकर आला.